रुग्णसेवेची अखंडता : संगणकीय आरोग्यनोंदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



बहुतेक घरांच्या कपाटात एक पिशवी जपून ठेवलेली असते. तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल असतात, हृदयाचे आलेख आणि क्ष-किरण चित्रे असतात, आणि एखाद्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागदही असतो. घरातील वडीलधाऱ्यांना नव्या डॉक्टरांकडे न्यायचे झाले की ही पिशवी सोबत निघते. डॉक्टर वरचे दोन-चार कागद पाहतात. बाकीचे पाहण्यास त्यांना सवड नसते. नेमका हवा असलेला कागद बहुधा तळाशी असतो, किंवा घरीच राहिलेला असतो. गेल्या शतकात वैद्यकशास्त्राने अपूर्व प्रगती केली. परंतु रुग्णाचा पूर्वेतिहास मात्र आजही अनेक ठिकाणी या पिशवीतूनच प्रवास करतो. या पिशवीची जागा संगणकीय नोंद घेऊ शकेल काय, तिला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाल्यास रुग्णाचे हित कितपत साधेल, आणि या व्यवहारात रुग्णाच्या कुटुंबाचे कर्तव्य कोणते, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

विषय नीट उमगावा म्हणून एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. बाहत्तर वर्षांचे एक आजोबा आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध दिले आहे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ते अस्थिरोगतज्ज्ञांकडे जातात आणि तेथे त्यांना वेदनाशामक गोळी मिळते. रक्तदाबाचे औषध घराजवळचे डॉक्टर देतात. या तिघांपैकी कोणाचीही चूक नाही. आपापल्या परीने प्रत्येकाचे औषध योग्यच आहे. पण रक्त पातळ ठेवणारे औषध आणि वेदनाशामक एकत्र आले की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः मधुमेह आणि रक्तदाब असताना, मूत्रपिंडावरही ताण येतो. तिन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी एकाच्या नजरेखाली आल्या असत्या, तर हे सहज टळले असते.

याच आजोबांच्या रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत झाली. पहिल्या वर्षी ०.८, दुसऱ्या वर्षी १.०, तिसऱ्या वर्षी १.२. तिन्ही आकडे सर्वसाधारण मर्यादेत असल्याने कोणत्याही अहवालात ठळक अक्षरांत काही छापले गेले नाही आणि घरच्यांनी समाधानाने तिन्ही कागद पिशवीत ठेवले. मात्र हेच तीन आकडे एका ओळीत मांडले, तर मूत्रपिंडाचे कार्य हळूहळू उतरत असावे, ही शंका कोणत्याही डॉक्टरांच्या मनात तत्काळ येईल. सुटा कागद सांगू शकत नाही ते जोडलेले कागद सांगतात, आणि संगणकीय आरोग्यनोंदीचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे.

हा विचार आजचा नाही. डॉ. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्यांनी १९६८ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून असे प्रतिपादन केले की, रुग्णाची नोंद ही वैद्याला मार्ग दाखविणारी आणि शिकविणारी असली पाहिजे. प्रत्येक रुग्णाच्या सर्व तक्रारींची एक क्रमवार सूची असावी, आणि प्रत्येक तक्रारीसंबंधी रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, वैद्यांचे अनुमान काय आणि पुढील योजना कोणती, हे स्वतंत्रपणे लिहावे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी आजही याच धर्तीवर नोंदी लिहावयास शिकतात.

पुढे १९७२ पासून इंडियानापोलिस येथील रेगेनस्ट्रीफ संस्थेत संगणकावर रुग्णनोंदी ठेवण्याचे कार्य सुरू झाले. तेथील डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्या नोंदीवरून संगणक डॉक्टरांना आठवण करून देत असे की, अमुक औषध सुरू आहे, तरी तमुक तपासणी करून घ्यावी. अशी आठवण मिळाली तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली. आठवण नव्हती तेव्हा केवळ २२ टक्के प्रसंगी. डॉक्टर तेच होते आणि त्यांचे ज्ञानही तेच होते. मॅकडोनाल्ड यांनी याचा अर्थ असा लावला की, हा दोष अज्ञानाचा किंवा निष्काळजीपणाचा नसून मनुष्याच्या स्मरणशक्तीच्या आणि अवधानाच्या स्वाभाविक मर्यादेचा आहे. दिवसाकाठी साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या वैद्यांकडून प्रत्येकाचा प्रत्येक तपशील ध्यानात राहील, अशी अपेक्षा करणेच मुळी अन्यायाचे आहे.

भारतात ही जोडणी अधिक कठीण आहे, कारण येथील रुग्ण एका छताखाली राहत नाही. घराजवळचा दवाखाना, शहरातील तज्ज्ञ, कोपऱ्यावरील औषधाचे दुकान, तपासणीची प्रयोगशाळा आणि वेळप्रसंगी मुंबई-पुण्याचे मोठे रुग्णालय अशी त्याची भ्रमंती चालते. केंद्र शासनाने आरोग्यनोंदींची मानके २०१३ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २०१६ साली ती सुधारली. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशनची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने देशभर लागू झाले. त्याअंतर्गत व्यक्तीला 'आभा' नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांसाठी दिले जाणारे आयुष्मान कार्ड आणि हा 'आभा' क्रमांक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण अनेक सुशिक्षित मंडळींचाही या बाबतीत गोंधळ होतो.

या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. सर्वांच्या सर्व नोंदी दिल्लीतील एखाद्या विराट कोठारात साठविल्या जातात, ही समजूत बरोबर नाही. नोंद जेथे तयार झाली तेथेच, म्हणजे त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहावयाची असल्यास रुग्णाकडे अनुमती मागितली जाते. कोणती नोंद, कोणत्या हेतूने आणि किती काळ पाहू द्यावयाची, हे रुग्ण ठरवितो, आणि दिलेली अनुमती तो मागेही घेऊ शकतो. पिशवीचा मालक रुग्ण होता. संगणकीय नोंदीचा स्वामीही तोच राहावा, हे या रचनेमागील तत्त्व आहे.

नोंदी जोडावयाच्या तर त्यांची भाषाही एक असावी लागते. एक डॉक्टर 'मधुमेह' लिहितात, दुसरे 'डायबेटिस', तिसरे केवळ 'डी. एम.' अशी दोन अक्षरे, तर रुग्ण स्वतः 'शुगर आहे' एवढेच सांगतो. माणसाला चारही शब्दांचा एकच अर्थ कळतो. यंत्राला तो शिकवावा लागतो. म्हणून प्रत्येक रोगाला व तपासणीला ठराविक संकेत देणारे आंतरराष्ट्रीय कोश वापरले जातात. त्याहून नाजूक प्रश्न नावाचा आहे. ज्या समाजात एकाच आडनावाची पन्नास घरे एका पेठेत असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवले जाते, तेथे एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर चढणे अशक्य नाही. कागदावरील अशी चूक एका पिशवीपुरती राहते. संगणकावरील चूक मात्र नोंद जाईल तेथे सोबत जाते. म्हणूनच वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, जन्मतारीख आणि क्रमांक हे तिन्ही जुळवून पाहण्याची सवय आवश्यक ठरते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. शेकडो पानांच्या नोंदी क्षणार्धात वाचून त्यांचा सारांश काढणे, परस्परविरोधी औषधांकडे लक्ष वेधणे, तीन वर्षांतील आकड्यांची दिशा दाखविणे, क्ष-किरण चित्रातील संशयास्पद जागा निदर्शनास आणणे, ही कामे आता यंत्रे करू लागली आहेत. भारताशी निगडित असे एक ठळक उदाहरण मधुमेहींच्या दृष्टिपटलाचे आहे. मधुमेहाने डोळ्याच्या आतील पडद्यावर होणारा परिणाम वेळीच ओळखला तर दृष्टी वाचविता येते. पण देशातील मधुमेहींच्या तुलनेत नेत्रतज्ज्ञ फारच थोडे आहेत. गूगलच्या संशोधकांनी अमेरिकेतील आणि मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील नेत्र रुग्णालयांतील छायाचित्रे वापरून, एकूण १,२८,१७५ छायाचित्रांवर एका प्रणालीला प्रशिक्षण दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा विकार ओळखण्यात ती प्रणाली नेत्रतज्ज्ञांच्या तोडीची ठरली.

तथापि कथा येथे संपत नाही. हीच प्रणाली थायलंडमधील ११ चिकित्सालयांत प्रत्यक्ष वापरली गेली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तपासलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे तिने अस्वीकृत केली. अनेक ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, त्यामुळे चित्रे स्पष्ट येत नव्हती. काही ठिकाणी इंटरनेटचा वेग मंद असल्याने रुग्णांना ताटकळत बसावे लागे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवून दिले की, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले यंत्र गावच्या दवाखान्यात तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जंतुसंसर्गामुळे शरीरातील अवयव निकामी होऊ लागण्याच्या घातक अवस्थेची पूर्वसूचना देणारी एक प्रणाली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिची स्वतंत्र परीक्षा घेऊन २०२१ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना ही अवस्था प्राप्त झाली, त्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्या प्रणालीने ओळखलेच नाहीत. आणि दुसरीकडे दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत तिने धोक्याची सूचना दिली. घंटा वारंवार वाजू लागली की ऐकणाऱ्यांचे कान बधिर होतात. यास्तव यंत्राने सूचना द्यावी, परंतु निर्णयाचे उत्तरदायित्व सदैव वैद्यांचेच राहावे, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत भर दिला आहे.

या सर्वांपेक्षा मोठी मर्यादा मात्र यंत्राच्या बाहेर आहे. जे कोणी लिहिलेच नाही, ते यंत्र वाचू शकत नाही. या सभागृहातील कुटुंबांना ही गोष्ट विशेष लागू पडते. अनेक घरांत ज्येष्ठ मंडळी चोविहार पाळतात. सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाहीत; मग रात्री दहाची गोळी एकतर संध्याकाळीच घेतली जाते किंवा राहून जाते. पर्युषणात उपवास, एकासणे, अठ्ठाई होतात. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे नेहमीच्याच मात्रेत सुरू ठेवून निराहार राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून काही जण ती कॅप्सूल आणतात, पण घेत नाहीत; आणि डॉक्टरांना वाईट वाटेल या संकोचाने तसे सांगतही नाहीत.

याचा परिणाम कसा होतो, तो पाहावा. नोंदीत औषध 'दिले' असे लिहिलेले असते. ते 'घेतले' की नाही, हे तेथे नसते. पुढील भेटीत रक्तदाब चढलेला आढळला की डॉक्टर समजतात, औषध अपुरे पडत आहे, आणि मात्रा वाढवितात. संगणकही तोच सल्ला देतो, कारण त्याच्यापुढे तेवढीच माहिती आहे. मग एखाद्या दिवशी सून किंवा मुलगा काळजीने सर्व गोळ्या वेळेवर देऊ लागतो आणि वाढलेली मात्रा अंगावर येते. येथे दोष व्रताचा नाही, वैद्यांचा नाही आणि यंत्राचाही नाही. एक वाक्य सांगावयाचे राहून गेले, एवढेच घडले. 'सूर्यास्तानंतर औषध घेत नाही', 'अमुक दिवसांत उपवास करणार आहे', 'जिलेटिनची कॅप्सूल चालत नाही' ही तीन वाक्ये नोंदीत लिहिली गेली, तर वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, आणि कॅप्सूलऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय शोधता येतो. डॉक्टरांना हे सांगण्यात संकोच कसला?

गोपनीयतेचा प्रश्नही दृष्टीआड करता येणार नाही. आरोग्याची माहिती ही अत्यंत खासगी बाब आहे. विवाहयोग्य मुलामुलींचे आजार, मानसिक विकारांवरील उपचार, वंध्यत्वाच्या तपासण्या यांची वाच्यता झाल्यास कुटुंबाला किती मनस्ताप होतो, हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज अनेक दिवस हातानेच चालवावे लागले. म्हणजे सर्वोच्च संस्थाही या संकटापासून मुक्त नाहीत. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय; पण कायद्याइतकीच घरातील शिस्तही महत्त्वाची आहे. अनेक ज्येष्ठांचा आरोग्य क्रमांक मुलाच्या मोबाईलशी जोडलेला असतो, अनुमतीचा संकेतांक मुलाकडे येतो आणि वडिलांना न विचारताच तो पुढे दिला जातो. सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु शरीर वडिलांचे आहे, तेव्हा विचारणाही त्यांनाच झाली पाहिजे. शिवाय वडिलांचे अहवाल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे हाही एक प्रकारचा गोपनीयतेचा भंगच आहे.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने काय करावे? मोठ्या यंत्रणेची वाट न पाहता काही गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या आरोग्याचे एक पान तयार करावे. त्यावर आजारांची सूची, झालेल्या शस्त्रक्रिया वर्षासह, सोसत नसलेली औषधे ठळक अक्षरांत, आणि सध्या प्रत्यक्षात घेतली जाणारी औषधे लिहावीत. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथी आणि दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके यांचाही त्यात समावेश असावा.

दुसरी गोष्ट, व्रत, उपवास आणि औषधांविषयीचे नियम त्याच पानावर लिहावेत, आणि उपवासापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

तिसरी गोष्ट, 'आभा' क्रमांक घेतल्यास तो काढणारी व्यक्ती विश्वासाची असावी. फोनवर संकेतांक विचारणाऱ्या अनोळखी व्यक्तीला तो कदापि सांगू नये. अनुमती देताना मुदत वाचावी.

चौथी गोष्ट, प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या संगणकीय प्रणालींना अहवालाचा अर्थ विचारण्याची पद्धत आता तरुणांत रूढ होत आहे. कठीण शब्द समजून घेण्यासाठी किंवा डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर होतो. मात्र या प्रणाली चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. त्यांच्या सांगण्यावरून औषधाची मात्रा बदलू नये किंवा औषध थांबवू नये, आणि अहवाल दाखविताना त्यावरील नाव व क्रमांक झाकावा.

धर्मादाय संस्थांच्या दवाखान्यांनाही या कार्यात मोलाचा वाटा उचलता येईल. शासनाच्या आरोग्यसंस्था नोंदपटात दवाखान्याची नोंद करणे, रुग्णाला छापील अथवा संगणकीय अहवाल न चुकता देणे आणि आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांचे आरोग्यपान भरून देणारे स्वयंसेवक बसविणे, ही फार खर्चाची कामे नाहीत. रुग्णाला कागदाची सवय आहे, म्हणून कागदही बंद करू नये. वीज गेली, फोन हरवला, तरी ते एक पान खिशात असावे.

रुग्णसेवा अखंड राहते ती कोणीतरी रुग्णाला सलगपणे ओळखत असते म्हणून. पूर्वी हे काम घरचे वैद्य करीत. तीन पिढ्यांची प्रकृती त्यांना मुखोद्गत असे. ते दिवस पुष्कळ ठिकाणी सरले. संगणकीय नोंद त्या वैद्यांची स्मृती काही अंशी परत देऊ शकेल, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्या स्मृतीतील विसंगती दाखवू शकेल. पण आजोबांनी काल रात्रीची गोळी घेतली का, हे त्यांच्याजवळ बसून विचारणारे माणूस घरातच असावे लागते. उपस्थितांपैकी प्रत्येकाने आज घरी गेल्यावर कपाटातील ती पिशवी उघडावी, आणि घरातील ज्येष्ठांना शेजारी बसवून ते एक पान लिहावयास प्रारंभ करावा, अशी नम्र विनंती आहे.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. जय जिनेंद्र.